लग्नाच्या पंगतीची लाकडी टेबलं: पॅलेटची की नव्या पाइनची?

मुळशीकडच्या फार्महाउसवर लग्न आणि उघड्या लाकडाच्या लांब टेबलांवर जेवण, ही हौस हल्ली बऱ्याच घरांत आहे. स्वतः करायची म्हटली तर पुण्यात दोन वाटा सोप्या. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांतली जुनी पॅलेटं (माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटी) आणायची, नाहीतर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून नव्या पाइनच्या फळ्या. पुतणीच्या लग्नात मी दोन्ही प्रकारची टेबलं केली. जुन्या वाड्यांचं सागवान देखणं खरं, पण एका दिवसाच्या पंगतीसाठी ते फार महाग आणि फार जड.

दिसण्यात पॅलेट सरस. खिळ्यांचे काळे डाग, करवतीच्या खुणा, उन्हापावसाने आलेला करडा रंग, सगळं आयतं मिळतं. नव्या पाइनला तारेचा ब्रश मारून, पातळ स्टेन (लाकडात मुरणारा रंग) देऊनही ती कळा पूर्णपणे येत नाही. पॅलेटवरचा शिक्का मात्र बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड; ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूची धुरी दिलेली असते, ते जेवणाच्या टेबलाला नको.

माझा कौल फिरला तो सांध्यांमुळे. नेहमीचं पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचं, म्हणजे फळी जेमतेम चार फुटी. पीळदार खिळे उपसताना टोकं फाटतात, ती कापावी लागतात. मग आठ फुटी टेबलाला प्रत्येक ओळीत दोन-दोन सांधे येतात. त्यात फळ्यांची जाडी सारखी नसते. रंधा मारून सपाट करावं, तर ज्या रंगासाठी पॅलेट आणलं तोच निघून जातो. नुसती नजर फिरवली तर हा उंचसखलपणा जाणवतही नाही. पण आमटीची वाटी सांध्यावर आली की ती डुगडुगते. पहिली पंगत उठल्यावर टेबल पुसायला घेतलं, तर फडकं दर सांध्याला अडकायचं आणि भाताची शितं फटीत जाऊन बसायची. दुसरी पंगत खोळंबलेली असताना ती सुरीच्या टोकाने काढत बसणं मला फार जड गेलं. पाइनच्या टेबलांवरून फडकं एका हातात फिरत होतं.

पाइनचंही सगळं सरळ नाही. फळी पीळ मारते, म्हणून घेताना एक डोळा मिटून कडेने नजर टाका. गाठींतून चीक येतो, तिथे आधी लाखेचं पॉलिश द्या. फळ्या पावसाळ्यात फुगतात, म्हणून खालच्या आडव्या पट्ट्यांची स्क्रूची भोकं थोडी सैल ठेवा.

पैशांचं म्हणाल तर पॅलेट स्वस्त पडतं, पण खिळे उपसण्याची मजुरीही त्यात धरा. घरातच हात भरपूर असतील तर तुमचं गणित वेगळं निघेल. मला विचाराल तर पॅलेटचं एखादं टेबल पानसुपारीला करा, छान दिसतं. पंगतीसाठी आठ फुटी, अखंड फळ्यांची पाइनचीच करावीत.