आंदोलनाचा ग्रुप कुठे काढायचा: व्हॉट्सॲप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड की सिग्नल?

वातावरण तापलं की घाईघाईत ग्रुप निघतो आणि आपण एवढंच बघतो की लोक कुठल्या ॲपवर आहेत. माझ्या मते दोन गोष्टी आधी बघा: मध्यरात्री कोणी "गोळीबार झाला" म्हणून जुना व्हिडिओ टाकला तर तो किती पटकन काढता येईल, आणि एका मेंबरचा फोन जप्त झाला तर बाकी किती जण अडकतील.

व्हॉट्सॲपवर लोक आधीच असतात, १०२४ मेंबर चालतात, ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो आणि फक्त ॲडमिनच लिहितील असं सेटिंगही आहे, म्हणून नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर हेच घ्या. पण साध्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे छोटं प्रकरण नाही.

टेलिग्रामवर २ लाखांपर्यंत लोक घेता येतात, स्लो मोड लावला की एकच माणूस धडाधड मेसेज टाकू शकत नाही. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांनी ते भरपूर वापरलं. मात्र तिथले ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे मेसेज पाठवणारा आणि घेणारे सोडून कोणालाच, ॲपच्या कंपनीलाही, वाचता येणार नाही असे) नसतात आणि बऱ्याच जणांना वाटतं की असतात!! नंबर कोणाला दिसावा त्याचं सेटिंग पहिल्याच दिवशी "कोणालाच नाही" करा.

चर्चा करून काही ठरवायचं असेल तर डिस्कॉर्ड मला सगळ्यात उजवं वाटतं, विषयवार चॅनल, मॉडरेटरना (ग्रुप सांभाळणाऱ्यांना) वेगवेगळे अधिकार, ठरावीक शब्द आपोआप अडवणारा ऑटोमॉड, आणि कोणी काय बदललं, कोणाला काढलं याचा लॉगही राहतो म्हणजे मॉडरेटरलाही जाब विचारता येतो. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ ला सरकार कोसळल्यावर तरुणांनी अंतरिम पंतप्रधान कोण यावर तिथेच चर्चा आणि मतदान केलं, त्यात माजी सरन्यायाधीश सुशीला कार्कींचं नाव पुढे आलं आणि १२ तारखेला त्यांनी शपथ घेतली. पण मत देणारा नक्की नागरिकच आहे का, हे असल्या पोलमध्ये कळायला मार्ग नाही, त्यामुळे त्याला कौल समजा, निवडणूक समजू नका. आणि इथलेही मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नाहीत.

सिग्नल मोठ्या गर्दीसाठी नकोच. जखमींना नेणारे, वकिलांना फोन करणारे असे दहा-पंधरा जण तिथे ठेवा, मेसेज आपोआप पुसले जातील असा टायमर लावा, आणि या लोकांची नावं बाकी कुठल्याच ग्रुपवर टाकू नका.