मकरपुऱ्यात बनवलेला एस.एस. एग्झॉस्ट: वेल्डिंगला पैकीच्या पैकी, मफलर काठावर पास

बडोद्यात फोर्ड मस्टँग जीटीसारख्या गाडीचा आवाज बदलायचा तर दोन वाटा आहेत. परदेशी तयार किट मागवा, नाहीतर मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये स्टेनलेसचा कॅट-बॅक बनवून घ्या. कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) मागचा सगळा पाईप, मफलर आणि टिप. हा रिव्ह्यू दुसऱ्या वाटेचा आहे. शेडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या धंद्यात पाटी तीच राहते आणि टॉर्च धरणारा हात शेजारच्या गाळ्यात गेलेला असतो.

आधी जमेची बाजू. कोयलीची रिफायनरी, खतांचे आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने, तासाभरावर आणंदच्या डेअऱ्या. या सगळ्यांचे पाईप जोडून जोडून इथल्या टिग वेल्डरचा (आरगॉन वायूच्या आडोशाने बारीक वेल्डिंग करणाऱ्याचा) हात बसलेला आहे. ज्या माणसाचा जॉइंट प्लँटमध्ये रेडिओग्राफीला, म्हणजे एक्स-रे तपासणीला जातो, त्याला दीड मिलिमीटरचा सायलेन्सर पाईप म्हणजे किरकोळ काम. गाड्यांच्या गॅरेजमध्ये हा हात मिळत नाही. पण प्लँटची सवय सोबत येते आणि ती काही ठिकाणी नडते.

पहिली गफलत मापाची. तुम्ही "अडीच इंच" म्हणता आणि प्लँटवाला डोक्यात एनबी, म्हणजे नॉमिनल बोअर हे नावापुरतं आतलं माप धरतो. त्यातला आपल्या मापाला सगळ्यांत जवळचा दोन इंच एनबी पाईप घेतला तरी त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो आणि शेड्यूल १० या जाडीच्या श्रेणीत भिंत २.७७ मिमी. त्याचं वजन मीटरला जवळजवळ ४ किलो. आपल्याला हवा तो ओडी, म्हणजे बाहेरच्या व्यासाने मोजलेला ट्यूब: बाहेरून ६३.५ मिमी, भिंत १.५ मिमी, मीटरला साधारण २.३ किलो. हिशेब सोपा आहे: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उरलेल्याला जाडीने गुणा, मग ०.०२४९ ने गुणा. दोन्ही बाजू मिळून पाचएक मीटर पाईप धरला तर एकीकडे बारा किलो, दुसरीकडे वीस. त्यामुळे ऑर्डर देताना "डेअरी साइज" म्हणा. दुधाच्या लाइनचे ५०.८, ६३.५ आणि ७६.२ हे ओडी एग्झॉस्टच्या दोन, अडीच आणि तीन इंचांशी तंतोतंत जुळतात, आणि त्यांचे तयार बेंड आतून गोल राहिलेले असतात. पाईप-बेंडरवर दाबून वाकवलेला बेंड आतल्या बाजूने चपटा होतो आणि वाट तिथेच आवळते. जीटीच्या पाच लिटरच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाला दर बाजूला ६३.५ पुरे. तीन इंच घालण्याचा मोह आवरा, हाती फक्त केबिनमधलं जास्तीचं घुमणं लागतं.

दुसरी गोष्ट ग्रेडची. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस सांगून हलकं २०२ मिळणं हा बाजाराचा जुना खेळ आहे. चुंबक लावून काही कळत नाही, दोन्हीला तो नीट चिकटत नाही. चिकटला तर तो ४०९, जो कारखान्याच्या सायलेन्सरात बहुधा असतो. ३०४ मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या पुढे असतं. २०२ मध्ये ते चार ते सहा आणि मँगनीज साडेसातच्या वर. बडोद्यात याचा फायदा असा की पीएमआय गन (धातूत काय किती आहे ते जागेवर वाचणारं यंत्र) घेऊन फिरणारी माणसं इथे पैशाला पासरी आहेत, कारण केमिकल प्लँट त्याशिवाय माल आत घेत नाही. पाईप कापण्याआधी, तुमच्यासमोर, एक वाचन घ्यायला सांगा. शेठ टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालंच. ३१६ चा आग्रह धरणारे भेटतील. सायलेन्सरला ते पैसे वाया.

वेल्डिंगबद्दल तक्रार करायला जागा नाही, एक अट पाळली तर. अट म्हणजे आतून आरगॉन. बाहेरून सोनेरी-जांभळी रेघ काढणं कोणालाही जमतं. पाईपच्या आत आरगॉन भरून हवा बाहेर काढली नाही, तर मुळाशी क्रोमियम जळून काळी खरखरीत पपडी धरते, जिला वेल्डर शुगरिंग म्हणतात. एग्झॉस्ट गरम-थंड होत राहतो, सतत थरथरतो, आणि चीर नेमकी त्या पपडीतून सुरू होते. चांगली शेड दोन्ही टोकांना ॲल्युमिनियम टेप लावते, एका बाजूने नळी घालते, दुसऱ्या बाजूला बारीक भोक ठेवते आणि मिनिटभर गॅस वाहू देऊन मगच आर्क मारते. दीड मिमी भिंतीला ५० ते ६५ ॲम्पिअर, ३०४ ला ३०४ जोडायला ३०८एल तार. मूळ ४०९ च्या तुकड्याला किंवा माइल्ड स्टीलच्या फ्लँजला (जोडाच्या चकतीला) जोडायचं तर ३०९एल. घाई असली की पहिला बळी याच आतल्या आरगॉनचा जातो. म्हणून एक नमुना जॉइंट करून घ्या आणि तो उभा कापायला लावा. आतली रेघ चांदीसारखी किंवा फिकट पिवळी दिसली पाहिजे.

गाडीवर फक्त टाके मारायचे, पूर्ण वेल्ड टेबलावर. टाके मारतानाही बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं हवं आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी, नाहीतर टिगच्या हाय-फ्रिक्वेन्सीचा झटका ईसीयूपर्यंत (इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत) पोचू शकतो. हे सांगावं लागतं. प्लँटच्या पाईपला ईसीयू नसतो.

तिसरी सवय सगळ्यांत महागात पडते. प्लँटचा पाईप सपोर्टवर पक्का बसवतात, त्यामुळे शेडवाला पाईप गाडीखाली लटकवणारे हँगरसुद्धा कडक करतो. आता आकडा बघा. ३०४ स्टेनलेस दर अंशाला मीटरमागे १७ मायक्रोमीटर लांबतो. अडीच मीटरचा पाईप ३०० अंशांनी तापला की १३ मिमी वाढला. मूळ ४०९ चा पाईप तेवढ्यातच आठच्या आसपास वाढत होता. म्हणजे मूळ सायलेन्सरच्या मापाने जागा सोडली तरी ती अपुरी पडते. टिप बंपरला घासते, प्लास्टिक वितळतं, किंवा पुढच्या फ्लँजवर ताण येऊन तिथला वेल्ड फाटतो. मूळ रबरं तीच ठेवा, १० किंवा १२ मिमी रॉडचे हँगर मूळ जागीच घ्या, मध्ये एक स्लिप जॉइंट (एकात एक सरकणारा जोड) ठेवा, टिपभोवती १५ मिमी आणि ब्रेकच्या पाईपपासून व टाकीपासून किमान २५ मिमी मोकळं ठेवा. गॅस्केटचंही तसंच: शेडमध्ये हाताशी सीएएफ शीट असते, तीच कापून लावतात. ती ॲस्बेस्टॉसची असते, कापताना धूळ उडते, शिवाय असल्या गरम-थंडीत भुगा होते. व्ही-बँड क्लॅम्प सांगा, नाहीतर धातूची जाळी घातलेलं ग्रॅफाइट गॅस्केट.

आता मफलर, आणि इथे गुण कापावे लागतात. "आवाज कसा येईल?" या प्रश्नाला मकरपुऱ्यात एकच उत्तर आहे: "थई जशे", म्हणजे होऊन जाईल. पाईप जुळवणारा माणूस आवाज जुळवणारा नसतो. शेडमध्ये बनणारा मफलर म्हणजे जाळीदार नळी, भोवती डबा, मध्ये आवाज शोषणारं तंतूंचं वूल. डब्याचं काम देखणं असतं. आत मात्र बॉयलरच्या इन्सुलेशनचं रॉकवूल कोंबलेलं असतं. त्यातला बाइंडर (तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जळतो, आखूड तंतू जाळीतून उडून जातात आणि काही महिन्यांत मफलर पोकळ पत्रा होऊन फाटक्या आवाजात बोलायला लागतो. तिथेच बनवायचा असेल तर नळीला आधी स्टेनलेस वूलचा थर गुंडाळा, त्यावर लांब तंतूचं ई-ग्लास (काचतंतू) किंवा बेसाल्ट, लिटरला १०० ते १५० ग्रॅम. पाच इंच व्यासाच्या, ४०० मिमी लांब डब्यात ६३.५ ची नळी गेल्यावर ३.८ लिटर जागा उरते, म्हणजे ४०० ते ५५० ग्रॅम. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात ज्या गाड्या उभ्या होत्या, त्यांचं वूल तर बदलायलाच हवं. भिजून खाली बसलेलं वूल पुन्हा फुलत नाही.

आमचा सरळ सल्ला: पाईप मकरपुऱ्याचा, मफलर तयार कंपनीचा. बोर्लासारखी कंपनी २०१५ ते २०१७ च्या मस्टँग जीटीसाठी टूरिंग, एस-टाइप आणि ॲटॅक अशा चढत्या आवाजाच्या तीन पातळ्या देते. बडोद्याच्या सोसायटीत राहणाऱ्याने टूरिंगच्या पुढे जाऊ नये. भारतात आलेली जीटी त्याच पिढीची आहे, त्यामुळे भाग जुळतात, फक्त आपल्याकडची गाडी उजव्या हाताच्या स्टीअरिंगची असल्याने पुढच्या भागातली जागा मोजून घ्या.

दोन बाजूंची जोडणी कशी करायची, हा प्रश्न पाईपच्या व्यासापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे आणि शेडमध्ये तो कोणी विचारत नाही. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-५-४-८-६-३-७-२. एक ते चार सिलिंडर एका बँकेत (व्हीच्या एका बाजूला), पाच ते आठ दुसऱ्या. क्रमात ८ आणि ६ पाठोपाठ येतात, ते एकाच बाजूचे. तसेच २ आणि पुन्हा १. म्हणजे प्रत्येक बाजूला ठोके समान अंतराने पडत नाहीत, दोन जवळ येतात आणि मग पोकळी पडते. ती सुप्रसिद्ध गडगड इथून येते. दोन्ही पाईप एच आकारात जोडले की हा विषमपणा बराचसा टिकतो, आवाज जाड राहतो. एक्स केला की दोन्हीकडचे ठोके मिसळतात, आवाज गुळगुळीत आणि वरच्या पट्टीचा होतो. अमेरिकन आवाज हवा असेल तर एच. जोडणी न करता दोन पाईप सुटे सोडणं हा बचतीचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. आवाज फुटका येतो.

घुमण्याची गंमत एक्स्प्रेसवेवर कळते. अहमदाबाद-बडोदा रस्त्यावर ताशी १०० ला सहाव्या गिअरमध्ये इंजिन साधारण १८०० आरपीएमला असतं. आठ सिलिंडरचे ठोके सेकंदाला १२०, आणि नेमक्या या पट्टीला केबिन साथ देते. अर्ध्या तासात डोकं उठतं. वूल हा आवाज शोषत नाही, ते वरच्या कर्कश पट्ट्यांसाठी. यावर इलाज जे-पाईप: मुख्य पाईपाला काटकोनात जोडलेली, शेवटी बंद अशी शाखा, जिची लांबी त्या लहरीच्या पाव हिश्श्याएवढी. ३०० अंशांच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटर, म्हणून ४८० भागिले (चार गुणिले १२०), म्हणजे एक मीटर. बंद शाखेतला वायू त्याहून थंड असतो, २०० अंशांना हाच आकडा ९१ सेंटिमीटर होतो. म्हणून एक मीटरची शाखा करा, टोपण आधी क्लॅम्पने लावा, रस्त्यावर चालवून दोन-दोन सेंटिमीटर कापत या, मनासारखं झालं की वेल्ड करा. व्यास मुख्य पाईपाएवढाच, आणि सगळ्यांत खालच्या जागी ३ मिमीचं भोक, पाणी निथळायला. इथे मकरपुऱ्याची शेड खरी कामाला येते. माप लिहून दिलंत की मिलिमीटरला मिलिमीटर जुळवून देते.

चार सिलिंडरच्या टर्बो गाडीला इतका खटाटोप करू नये. टर्बाइन आवाजाचा निम्मा जीव आधीच काढून घेतं, आणि मधला रेझोनेटर (आवाज गाळणारा छोटा डबा) उडवला की उरतो तो पत्र्याचा कर्कश सूर. फटफट फटाके तर पाईपातून येतच नाहीत, ते ईसीयूच्या मॅपिंगमधून येतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा जीव घेतात.

कन्व्हर्टर काढून देतो म्हणणारी शेड दिसली तर उठून या. कन्व्हर्टर नीट चालत नसल्याचा पी०४२० कोड लागतो, पीयूसी अडते. फ्लँज गळत असेल तरीही अडते: बीएस-४ गाडीच्या हाय-आयडल चाचणीत (गाडी उभी, इंजिन जरा वाढवलेलं) लॅम्ब्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, १ च्या आजूबाजूला ०.०३ एवढाच हलायला हवा, आणि गळतीतून ओढलेली हवा तो बिघडवते. कायदाही मऊ नाही. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. कलम १८२-अ खाली दर बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि आवाजाच्या मर्यादेसाठी कलम १९० वेगळं. म्हणून मूळ सायलेन्सर कापू देऊ नका, क्लॅम्पवर सुटा करून घरी आणा. आणि आवाज मोजून घ्या: टिपेपासून अर्धा मीटर, ४५ अंशांत, टिपेच्याच उंचीवर, ३,७५० आरपीएमला. मोबाइलचं मीटर अचूक नसतं, पण एकाच मोबाइलने आधी आणि नंतर मोजलं तर फरक खरा कळतो. तीन-चार डेसिबलच्या वर गेलात तर चौकातला हवालदार मीटरशिवायही ओळखेल.

पैशांचं. प्लँटवाले वेल्डिंग इंच-डायावर लावतात. अडीच इंचाचा एक जॉइंट म्हणजे अडीच इंच-डाया. अशा गाडीला २४ जॉइंट आले तर ६०. कोटेशन घेताना इंच-डायाचा दर, आरगॉन धरून की वेगळा, पाईपचा किलोचा भाव, बेंडचा नगाचा भाव आणि कापून उरलेला तुकडा कोणाचा, हे वेगवेगळं लिहून घ्या. ठोक रक्कम सांगणारा बेंडच्या जागी तिरके तुकडे जोडतो, कारण त्यात त्याचा माल वाचतो. तुमच्या पाईपातले जॉइंट मात्र वाढतात.

ताब्यात घेताना इंजिन थंड असताना टिपेतून ब्लोअरने हलकी हवा सोडा आणि प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी लावा. फुगे आले तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावा, गाडी रस्त्यावर गेल्यावर ते काम मागे पडतं. पहिल्या लांब फेरीनंतर सगळे क्लॅम्प थंड झाल्यावर एकदा आवळायचे आहेत, आणि ते त्याच पैशांत, हे कोटेशनच्या कागदावर आधीच लिहून घ्या.