आठ महिने टनेल सांभाळताना: पॅकेट ब्रोकरवरच्या आयपी इंटरफेसचा अनुभव

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे दोन पॅकेट ब्रोकर आले, म्हणजे नेटवर्कवरच्या ट्रॅफिकची प्रत गाळून ती तपासणाऱ्या यंत्रांकडे पोचवणारे बॉक्स (यांनाच व्हिजिबिलिटी अप्लायन्स म्हणतात). एक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सर्व्हर रूममध्ये बसला, दुसरा नवी मुंबईत महापेच्या डेटा सेंटरमध्ये. आमचं काम शेअर दलालीचं. व्यवहार चालतात बीकेसीत, पण ते तपासणारे आयडीएस (घुसखोरी ओळखणारी यंत्रणा), पॅकेट साठवणारे कॅप्चर सर्व्हर वगैरे सगळे महापेला. टॅपमधून (लाइनवरून प्रत काढणाऱ्या उपकरणातून) निघालेली पॅकेटची प्रत खाडीपलीकडे न्यायची तर टनेल हवा, म्हणजे मूळ पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून नेणं, आणि टनेल म्हटलं की दोन्ही टोकांना आयपी इंटरफेस आला. मी लिहितोय ते फक्त त्या इंटरफेसबद्दल. फिल्टर, डुप्लिकेट पॅकेट गाळणं, हे सगळं या बॉक्सवर पहिल्या दिवसापासून चोख चाललंय. मॉडेलचं नाव देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या बॉक्सवर अनुभवाला येईल.

स्क्रीनवर पाच रकाने दिसतात: पोर्ट, आयपी पत्ता, मास्क, गेटवे, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार). दोन मिनिटांचं काम वाटतं. पण पॅकेट ब्रोकरचा साधा पोर्ट म्हणजे नुसता नळ असतो. त्याला स्वतःचा पत्ता नसतो, तो एआरपीला (‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ या विचारणेला) उत्तर देत नाही, पिंगला देत नाही. आयपी इंटरफेस दिला की तोच पोर्ट नेटवर्कवरचं एक यंत्र होतो, आणि इतर यंत्रांना लागणारं सगळं त्यालाही लागतं. हे मला सुरुवातीला कोणी नीट सांगितलं असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या. आणखी एक: आमच्या बॉक्सवर पाठवणारा इंटरफेस टूल प्रकारच्या पोर्टवर लागतो आणि उतरवून घेणारा नेटवर्क प्रकारच्या पोर्टवर. आधी उलटं वाटतं, पण पॅकेट बॉक्सच्या बाहेर पडतंय की आत येतंय एवढं पाहिलं की पटतं.

पहिल्या रात्री मी कमांड लाइनवरून महापेच्या टोकाला पिंग केला. उत्तर आलं. टनेल तयार आहे असा मेल टाकून घरी गेलो. सकाळी कॅप्चर सर्व्हरवर एकही पॅकेट नव्हतं. तो पिंग व्यवस्थापनाच्या पोर्टातून निघून व्यवस्थापनाच्याच नेटवर्कमधून फिरून आला होता, टनेलच्या इंटरफेसला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. टनेलचा गेटवे मी चुकीचा भरला होता आणि ते लपून राहिलं. बॉक्सवरून पिंग करताना कुठल्या इंटरफेसमधून करायचा ते नाव देऊन सांगा. आमच्याकडे तशी कमांड आहे, पण मॅन्युअलमध्ये ती वेगळ्याच प्रकरणात आहे.

आता एमटीयू. माझे सगळ्यात जास्त तास यात गेले. टनेल सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी सुरक्षा टीममधली मुलगी म्हणाली, “दादा, हँडशेक दिसतोय, लॉगिन दिसतंय, पण त्यापुढे डेटाच नाही.” हे लक्षण ऐकलं की आता माझ्या डोक्यात एकच आकडा येतो: १५५०. व्हीएक्सलॅन या टनेलच्या प्रकारात मूळ पॅकेट इथरनेटच्या शीर्षकासकट (हेडरसकट) आत बसतं. म्हणजे १५०० बाइटच्या पॅकेटवर १४ आतल्या इथरनेटचे, ८ व्हीएक्सलॅनचे, ८ यूडीपीचे आणि २० बाहेरच्या आयपीचे. बेरीज १५५०. आतल्या फ्रेमवर व्हीलॅनचा (एकाच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कचा) टॅग असेल तर आणखी ४. आमच्या भाड्याच्या लाइनवर १५०० च जात होतं. हँडशेकसारखी छोटी पॅकेट सुखरूप पोचत होती, भरलेली सगळी वाटेत पडत होती. आणि मिरर केलेल्या ट्रॅफिकचं दुखणं असं की मूळ संभाषण व्यवस्थित चालू असतं. ग्राहकाची तक्रार येत नाही, प्रत हरवली म्हणून कोणी ती पुन्हा पाठवत नाही. हरवलं ते गेलंच.

लाइन पुरवणाऱ्यांकडून एमटीयू वाढवून घ्यायला दोन आठवडे लागले. तपासणीसाठी डीएफ बिट (‘तुकडे करू नका’ ही खूण) लावून १५२६ बाइट डेटाचा पिंग करतो. वर आयपी आणि आयसीएमपीचे (पिंग ज्यावर चालतो तो प्रोटोकॉल) २८ धरले की नेमके १५५४ होतात. आपोआप एमटीयू शोधण्याच्या पद्धतीवर मी विसंबत नाही. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने आयसीएमपी अडवलं की ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप परत येतच नाही. स्टोरेजच्या व्हीलॅनवर आतलं पॅकेटच ९००० चं आहे. ते टनेलमध्ये ९०५० होतं आणि लाइन देते ९०००. तिथे आम्ही पाठवण्याआधीच पॅकेट कापून फक्त पुढचा भाग नेतो. तपासाला शीर्षकं पुरतात.

हे सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच जुलैच्या पावसात मुख्य फायबर तुटली. ट्रॅफिक आपोआप दुसऱ्या वाटेवर गेलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण त्या दुसऱ्या वाटेचा एमटीयू १५०० होता. पुन्हा तेच, हँडशेक आहे आणि डेटा नाही. चार दिवस कळलं नाही, कारण बॉक्सच्या डॅशबोर्डवर इंटरफेस हिरवा होता. तो हिरवा दिवा फक्त पोर्टची लिंक चालू आहे एवढंच सांगतो. समोरचं टोक जिवंत आहे का, पॅकेट तिथे पोचतंय का, याच्याशी त्याचा संबंध नाही. या उपकरणाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आणि ती मी मनापासून करतोय. सीईआरटी-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. आमची नजरच चार दिवस अधू असेल तर लक्षात येणार काय? आता बीकेसीच्या टोकाला पाठवलेली आणि महापेच्या टोकाला उतरवलेली पॅकेट दर पाच मिनिटांनी मोजून फरक काढणारी स्क्रिप्ट आम्ही स्वतः लिहिली आहे. फरक दिसला की मेसेज येतो. हे काम बॉक्सने करायला हवं होतं.

सप्टेंबरमधली गोष्ट जरा वेगळी आहे आणि फारशी कुठे लिहिलेली सापडत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. महापेला टूलच्या व्हीलॅनमधला एक सर्व्हर अधूनमधून गुदमरायचा. त्याच्या १ गिगाबिटच्या पोर्टवर दीड-दोन गिगाबिट येऊन आदळत होते, त्याचा त्या ट्रॅफिकशी काहीही संबंध नसताना. कारण असं निघालं: पॅकेट उतरवून घेणारा इंटरफेस नुसता ऐकतो, बोलत नाही. स्विच एखाद्या यंत्राचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) आणि त्याचा पोर्ट त्याच्याकडून काही आलं तरच लक्षात ठेवतो, आणि ३०० सेकंद काहीच आलं नाही तर विसरतो. इकडे राउटरच्या एआरपी तक्त्यात मात्र तो पत्ता चार तास टिकतो. म्हणजे राउटर निर्धास्तपणे पॅकेट पाठवतोय आणि स्विचला पोर्टच माहीत नाही. मग स्विच ते पॅकेट त्या व्हीलॅनमधल्या सगळ्या पोर्टांवर उधळतो. दर चार तासांतली पहिली पाच मिनिटं ठीक, बाकी सगळा वेळ पूर.

उपाय तीन केले. टनेलच्या इंटरफेसला वेगळा व्हीलॅन दिला, त्यात दुसरं कोणीही नाही. राउटरवरचा एआरपीचा कालावधी ३०० सेकंदांच्या खाली आणला. आणि बॉक्सवर ठरावीक अंतराने गेटवेला एआरपी विचारण्याची सोय आहे, ती चालू केली. मुळात ती बंद होती. ती बंद ठेवून बॉक्स विकायला नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

जीआरई (टनेलचा दुसरा प्रकार) की व्हीएक्सलॅन, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. आम्ही जीआरईने सुरुवात केली, कारण त्याचं ओझं थोडं कमी आहे. पण फायरवॉलच्या टीमला समजावतानाच दमछाक झाली. “पोर्ट कोणता उघडायचा?” असं ते विचारणार, आणि जीआरईला पोर्ट नसतो, ४७ हा त्याचा प्रोटोकॉल क्रमांक आहे. त्यांनी आधी टीसीपी पोर्ट ४७ उघडून दिला होता. खरी अडचण पुढे आली. दोन्ही ठिकाणांमध्ये १० गिगाबिटच्या दोन लिंक आहेत. कुठलं पॅकेट कुठल्या लिंकवर टाकायचं हे स्विच बाहेरच्या शीर्षकावरून ठरवतो, आणि आमच्या जीआरईच्या प्रत्येक पॅकेटचं बाहेरचं रूप अगदी एकसारखं. सकाळी ९.१५ ला बाजार उघडला की एक लिंक तुडुंब आणि दुसरी रिकामी. व्हीएक्सलॅन यूडीपीच्या ४७८९ या पोर्टवर जातो, आणि त्याचा सोर्स पोर्ट आतल्या संभाषणावरून बदलता ठेवावा अशी शिफारस व्हीएक्सलॅनचं वर्णन करणाऱ्या २०१४ च्या आरएफसी ७३४८ या दस्तऐवजातच आहे. तसा बदलता ठेवला की दोन्ही लिंक वापरात येतात. फक्त आपला बॉक्स तो खरोखर बदलतो का, हे तपासून घ्या. आमच्याकडे त्यासाठी सेटिंगमध्ये वेगळी खूण करावी लागली.

सबनेटबाबत थोडक्यात: ३१ चा मास्क आमच्या बॉक्सने घेतला नाही, ३० चा घेतला, पण मी २९ चा ठेवायला सांगेन, त्यात पत्ते जास्त मिळतात. बिघाडाच्या वेळी त्याच सबनेटमध्ये लॅपटॉप जोडता आला पाहिजे. आणि जीआरई असो की व्हीएक्सलॅन, दोघांतही आतला डेटा उघडाच जातो. आमच्या ट्रॅफिकमध्ये ग्राहकांची माहिती असते. म्हणून दोन्ही ठिकाणांमधल्या लिंकवर मॅकसेक (लिंकवरचं एन्क्रिप्शन) लावलं आहे, आणि ते होईपर्यंत टनेल फक्त चाचणीच्या ट्रॅफिकवर चालवला.

पुन्हा हाच बॉक्स घेईन का? घेईन. आठ महिन्यांत एकदाही अडकला नाही, ९.१५ च्या लोंढ्यातही बॉक्सवर एकही पॅकेट गळलं नाही. पण खरेदीच्या कागदावर ‘टनेलच्या दुसऱ्या टोकाची तपासणी आणि इशारा’ ही अट या वेळी मी स्वतः लिहून घातली.

गेल्या शनिवारी अंधेरीच्या कार्यालयात तिसरा बॉक्स चढवला. वेगळा व्हीलॅन आदल्या दिवशीच तयार होता, मुख्य आणि राखीव अशा दोन्ही वाटांचा एमटीयू लेखी मिळाला होता. इंटरफेस उभा करून १५२६ बाइट डेटाचा पिंग सोडला, टनेलच्याच पोर्टातून. मग मुख्य केबल हाताने काढली आणि राखीव वाटेवरून तोच पिंग पुन्हा सोडला. दोन्ही वेळा उत्तर आलं. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते, आरामात लोकल मिळाली.