सेन्सर, नळी, बाटली की नोंदवही? नागरिकांसोबत प्रदूषणाचा शोध घेताना

वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन हवा-पाण्याची शोधबातमी करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "सेन्सर कुठले घ्यायचे?" हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते हे, की बातमी आल्यावर समोरचा पक्ष कशाला नकार देणार. "प्रदूषण नाहीच" म्हणेल, "एखाद्या कोपऱ्यात असेल" म्हणेल, की "आहे, पण आमचं नाही"? त्यावरून साधन निवडा.

स्वस्त सेन्सरचं खरं बळ वेळ दाखवण्यात आहे. धूळ रात्री 2 ला वाढते की सकाळी 9 ला, हे तो मिनिटामिनिटाला सांगतो. जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये 2015 च्या सुमारास नागरिकांनी घरीच जुळवलेल्या अशा सेन्सरांचं जाळं पुढे अनेक देशांत पसरलं. पण हे यंत्र लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते मोजतं, आणि दमट हवेत पाण्याने फुगलेले कणही धूळ म्हणून धरतं. म्हणून वाटण्यापूर्वी सगळे सेन्सर दोन-तीन आठवडे अधिकृत मापन केंद्राशेजारी ठेवून आकडे ताडून बघायला हवेत. हे जमणार नसेल तर सेन्सरच्या आकड्याचा मथळा करू नका. फार तर चढउतार छापा.

वाद जागेचा असेल, म्हणजे "तुमच्या एका चौकाचं काय सांगता" असं कुणी म्हणणार असेल, तर नळ्या बऱ्या. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू शोषून घेणाऱ्या या छोट्या नळ्यांना ना वीज लागते ना इंटरनेट. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये 'दे स्टँडार्ड' हे वृत्तपत्र, अँटवर्प विद्यापीठ आणि तिथली पर्यावरण यंत्रणा यांनी मिळून मे 2018 मध्ये सुमारे 20,000 नागरिकांच्या रस्त्याकडच्या खिडक्यांवर त्या लावल्या. दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या अरुंद, गर्दीच्या रस्त्यांवर धूर कसा कोंडून राहतो, ते त्यातून दिसलं. हातात येते ती मात्र महिन्याभराची सरासरी. रात्री तासभर सोडलेला वायू तिच्यात विरून जातो.

पाणी आणि मातीसाठी बाटली आणि प्रयोगशाळा यांना पर्याय नाही. इथे खर्च जास्त आणि शिस्त त्याहून जास्त लागते. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. 2014 मध्ये तिथला पाणीस्रोत बदलला आणि नळाला शिसं येऊ लागलं. अधिकारी म्हणत, पाणी नियमात बसतं. 2015 मध्ये व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी नमुने घेण्याच्या बाटल्यांचे 300 संच पाठवले, रहिवाशांनी घरोघर फिरून त्यातले अडीचशेहून जास्त भरून परत दिले. या कामात कर्ट गायेट हा शोधपत्रकारही होता. प्रत्येक घरातून तीन बाटल्या घेतल्या: पाणी सहा तास साचू दिल्यावर नळ उघडताच पहिली, 45 सेकंदांनी दुसरी, 2 मिनिटांनी तिसरी. हा तपशील किरकोळ वाटतो, पण सगळं तिथेच आहे. सरकारी सूचनांमध्ये आदल्या रात्री नळ थोडा वेळ सोडून द्यायला सांगितलं होतं, आणि तसं केलं की पाइपात साचलेलं शिसं आधीच वाहून जातं. शिवाय अधिकृत यादीतून दोन नमुने वगळल्यावरच शिशाचा सरकारी आकडा अब्जात 15 भाग या मर्यादेखाली आला होता. भांडण नमुना घेण्याच्या रीतीवरून होतं आणि रहिवाशांकडे स्वतःची लिहून ठेवलेली रीत होती. नमुना कुणी, कधी, कुठल्या नळाचा घेतला आणि कुणाच्या हाती दिला, हे सही-तारखेसह नसेल तर महागडा अहवालही रद्दीच.

चौथं साधन नोंदवही. पत्रकार तिला कमी लेखतात आणि तिथेच चुकतात. वास कधी आला, किती उग्र होता, वारा कुठून होता, किती वेळ टिकला. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात 2016 पासून लोक हेच एका अॅपवर 1 ते 5 अशा श्रेणीत नोंदवतात आणि तक्रार आरोग्य विभागाकडे जाते. नोंदवही रसायनाचं नाव सांगत नाही, पण "आमचं नाही" म्हणणाऱ्याला तिची आणि वाऱ्याच्या दिशेची सांगड फार अडचणीची ठरते. वेगवेगळ्या घरांनी एकमेकांना न विचारता लिहिलेलं असावं, एवढीच अट.

मला एकच जोडी निवडायला सांगितली तर हवेसाठी मी आधी महिनाभर नोंदवही भरून घेईन आणि मग तिने दाखवलेल्या वेळी-ठिकाणी मोजकी यंत्रं लावेन. उलट क्रमाने गेलं की यंत्रं भलत्याच गच्चीवर बसतात.

कुठलंही साधन घ्या, दोन गोष्टी पहिल्या दिवशीच बोलून घ्या. एक, आकडे कुणाचे? ज्याच्या घरचं पाणी, त्याला निकाल बातमीच्या आधी कळायला हवा. शिसं निघालं असेल तर छपाईची वाट बघण्यात अर्थ नाही. दोन, नाव छापायचं का? त्याच कारखान्यात नोकरीला असलेला किंवा भाड्याने राहणारा माणूस उत्साहात हो म्हणून जातो. त्याला आठवड्याने पुन्हा विचारा, तेही एकट्याला गाठून.