तांब्याच्या तारेचे झाड: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत काळा घोडा परिसरातील एका स्टॉलवरून मी तांब्याच्या तारेचे वीतभर उंचीचे झाड २,८०० रुपयांना घेतले. अकीक या खड्याचे तांबूस मणी, मधूनमधून काचेचे हिरवे मणी आणि बुंध्याखाली लाटांनी गुळगुळीत केलेला लाकडाचा तुकडा. एवढ्याशा वस्तूला ही रक्कम मला जडच गेली होती. म्हणून जुलैत फांद्यांवर हिरवा थर दिसला, तेव्हा फार संताप आला.

विक्रेत्याला फोटो पाठवले. तांब्याचे हे नैसर्गिक रूप आहे, असे उत्तर आले आणि लॅकर, म्हणजे वरून पारदर्शक लेप, लावून देण्याचे ६०० रुपये वेगळे सांगण्यात आले. तीनदा फोन करूनही दर उतरला नाही, तेव्हा वाईट अभिप्राय लिहायलाच मी बसले होते.

त्याआधी झाड खिडकीशी उजेडात धरले आणि मत बदलावे लागले. बुंध्याची तार सगळीकडे एकसारखी तपकिरी, सुंदर झाली होती. हिरवट थर होता तो फक्त टोकांशी, जिथे मणी ओवून तारेला दुहेरी पीळ दिलेला असतो. जूनमध्ये मी नेमकी तीच टोके चिंच-मीठ लावून घासली होती. तांब्याचा हंडा असा घासला की धुऊन लगेच फडक्याने कोरडा करता येतो, पण पिळाच्या आत फडके जात नाही. मिठाचे पाणी तिथेच राहिले, दादरच्या पावसाळी हवेने ते सुकू दिले नाही आणि मिठातील क्लोराइडमुळे तांब्यावर हिरवा क्षार धरला.

पुढचे दोन रविवार डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ टूथब्रश घेऊन मी एकेक पीळ धुतला आणि हेअर ड्रायरने वाळवला. त्यात एक फांदी सरळ करताना तुटली. तांबे पुन्हा पुन्हा वाकवले की कडक होऊन मोडते, हे तेव्हा हाताला कळले. अकीक मात्र जसेच्या तसे आहेत. भट्टीत तापवून खुलवलेला त्यांचा लाल रंग पश्चिमेच्या उन्हातही फिका पडलेला नाही, आणि संध्याकाळी साडेपाचला ते पेटल्यासारखे दिसतात.

झाडात दोष नाही, हे मी मान्य करते. तरीही मीठ लावू नका, पाणी लावू नका, कोरड्या ब्रशने धूळ काढा, एवढ्या तीन ओळींची चिठ्ठी सोबत देणे विक्रेत्याचे कर्तव्य होते. तुटलेल्या फांदीचे सात मणी डबीत ठेवले आहेत. तांबा काटा या मुंबईतल्या बाजारातून २४ गेज जाडीची तार आणून मी ते स्वतःच ओवणार आहे. त्यासाठी कोणालाही ६०० रुपये देणार नाही.