एलपीएन की आरएन: अमेरिकेत नर्सिंगचा परवाना घेताना

अमेरिकेत स्थायिक झाल्यावर, मुले जरा मोठी झाली की नर्सिंगकडे वळण्याचा विचार करणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात. एक लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सची, म्हणजे एलपीएनची (टेक्सास आणि कॅलिफोर्नियात याच पदाला एलव्हीएन म्हणतात), आणि दुसरी रजिस्टर्ड नर्सची, म्हणजे आरएनची.

एलपीएनचा अभ्यासक्रम साधारण एका वर्षाचा असतो. आरएनसाठी दोन वर्षांची असोसिएट किंवा चार वर्षांची बीएसएन (नर्सिंगमधील बॅचलर) पदवी लागते. परवान्यासाठी अनुक्रमे एनसीएलईएक्स-पीएन आणि एनसीएलईएक्स-आरएन या परीक्षा आहेत. एप्रिल २०२३ पासून दोन्हींत ८५ ते १५० प्रश्न आणि ५ तासांची मुदत आहे, त्यामुळे ‘प्रॅक्टिकल’ या शब्दावरून पहिली परीक्षा किरकोळ समजू नये.

खरा फरक निर्णयाच्या अधिकारात आहे. एलपीएन रक्तदाब आणि ताप मोजते, गोळ्या व इन्सुलिन देते, जखमेचे ड्रेसिंग करते, कॅथेटर घालते आणि रुग्णात दिसलेला बदल नोंदवून वर कळवते. परंतु रुग्णाचे पहिले सर्वंकष मूल्यमापन करणे, शुश्रूषेचा आराखडा ठरवणे आणि त्या बदलाचा अर्थ लावणे ही जबाबदारी आरएनची असते. शिरेतून औषध देण्याबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. रक्त चढवण्यासारखी कामे बहुधा आरएनकडेच राहतात.

कागदावरची ही विभागणी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये मात्र बरीच पुसट होते, आणि एलपीएनना सर्वाधिक नोकऱ्या मिळतात त्या अशाच ठिकाणी. केंद्रीय नियमानुसार तेथे परवानाधारक परिचारिका चोवीस तास हवी, पण आरएन दिवसातून सलग ८ तास असली तरी सामान्यतः चालते. परिणामी रात्रपाळीला संपूर्ण मजला आणि हाताखालचे नर्सिंग असिस्टंट यांचा भार एखाद्या एलपीएनवर असू शकतो. माझ्या मते हे पद निवडताना सर्वांत आधी याचाच विचार करावा, कारण वेतन त्या मानाने येत नाही: मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार एलपीएनचे मध्यक वार्षिक वेतन ६२,३४० डॉलर, तर आरएनचे ९३,६०० डॉलर होते.

आपल्याकडील एएनएमशी (सहायक परिचारिका-प्रसविकेशी) एलपीएनची बरोबरी केली जाते, ती फसवी आहे. एएनएमचा भर उपकेंद्र, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि बाळंतपण यांवर असतो, तर एलपीएन सुईणीचे काम करत नाही. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी पदविका) किंवा बीएससी नर्सिंग झालेल्यांनी तर आधी प्रमाणपत्रांचे मूल्यांकन करून घेऊन थेट आरएनचाच प्रयत्न करावा. भारतातून नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळवू पाहणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण ‘शेड्यूल ए’ची (मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांच्या सरकारी यादीची) सवलत व्यावसायिक परिचारिकांसाठी, म्हणजे आरएनसाठी आहे.

अगदी शून्यापासून सुरुवात असेल आणि घरात लवकर मिळकत यायला हवी असेल, तर एलपीएनचा पर्याय मला रास्त वाटतो. मात्र पुढे आरएन होण्याचा ब्रिज अभ्यासक्रम मनात धरूनच. अशा वेळी शुल्क भरण्यापूर्वी जवळच्या कम्युनिटी कॉलेजला लेखी विचारावे की निवडलेल्या संस्थेचे क्रेडिट ते ब्रिजसाठी ग्राह्य धरतात का.