जतच्या मुलांच्या नावाने नेलेली पुस्तके

मे २०२४ मध्ये सांगलीच्या विश्रामबाग भागातील आमच्या सोसायटीतून एका गृहस्थांनी १९ घरांतील जुनी पाठ्यपुस्तके गरीब विद्यार्थ्यांसाठी म्हणून नेली. त्या विद्यार्थ्यांपर्यंत ती कधीच पोचली नाहीत. पुस्तके गोळा करण्याचे काम मी स्वतः अंगावर घेतले होते. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवल्यामुळे शेजारी माझ्या शब्दाला मान देतात, आणि त्या शब्दावरच त्यांनी आपापली कपाटे रिकामी केली. परीक्षा संपून निकाल लागले की असे लोक पुन्हा दारोदार फिरू लागतात, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

ते गृहस्थ पहिल्यांदा आले तेव्हा हातात फक्त एक फाइल होती. मी शिक्षिका होते हे त्यांनी खाली चौकशी करून माहीत करून घेतले असावे, कारण दार उघडताच त्यांनी वाकून नमस्कार केला आणि "बाई" अशीच हाक मारली. जत तालुक्याच्या पूर्व भागातील वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांसाठी आपली संस्था काम करते, असे त्यांनी सांगितले. फाइलमध्ये संस्थेच्या नावाचा छापील कागद होता, शाळेसमोर रांगेत उभ्या असलेल्या मुलांची छायाचित्रे होती आणि २०१९ च्या महापुरात मदत वाटतानाचे म्हणून एक छायाचित्र होते. "बाई, तुमच्या इथं ही पुस्तकं रद्दीत जाणार. आमची पोरं त्याला कव्हर घालून वर्षभर वापरतील," असे ते म्हणाले.

त्या महापुराच्या छायाचित्रानेच मला भुलवले, असे आता वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातील माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांची दप्तरे पाण्याखाली गेली होती. पाणी ओसरल्यावर एका मुलीने पुस्तकांचा गठ्ठा उन्हात वाळत घातला होता; पाने एकमेकांना इतकी चिकटली होती की ती सोडवताना हातात चिखलाचे पापुद्रे येत होते. पुढच्या पंधरा दिवसांत विश्रामबाग आणि मिरज भागातील मुलांच्या घरून आलेल्या जुन्या संचांवर आम्ही त्या मुलांचे वर्ग सुरू केले. वापरलेले पुस्तक दुसऱ्या मुलाच्या हाती वेळेवर पडले तर काय होते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि म्हणूनच त्या माणसाला विचारायला हवे होते ते काहीच मी विचारले नाही.

दोन रविवार आम्ही पार्किंगमध्ये चटया टाकून पुस्तके लावत होतो. नववी ते बारावीचे संच, मार्गदर्शके, अपेक्षित प्रश्नसंच, शब्दकोश, प्राथमिक वर्गांची पुस्तके, शिवाय नीट आणि सीईटीच्या तयारीचे गठ्ठे, अशी एकूण अकरा पोती भरली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मुलाच्या शिकवणीची सगळी पुस्तके दिली. त्या शिकवणीसाठी त्यांनी कर्ज काढले होते हे मला ठाऊक होते. शाळेत पुन्हा वर्गवारी करावी लागू नये म्हणून मी प्रत्येक संचातल्या पुस्तकांच्या आतल्या बाजूला इयत्ता, विषय आणि संचाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खळीने चिकटवली. सोसायटीच्या वॉचमननी ती पोती टेम्पोत चढवून दिली. टेम्पोच्या भाड्यासाठी प्रत्येक घराने २०० रुपये द्यावेत असे ठरले, आणि ३,८०० रुपये मी माझ्या मोबाइलवरून त्यांच्या क्यूआर कोडवर पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर संस्थेचे नाव न येता एका बाईंचे नाव आले. ते मी वाचले, क्षणभर थांबले आणि बटण दाबले.

ज्या खुणा माझ्यासारख्या शिक्षिकेला तरी दिसायलाच हव्या होत्या, त्या आता सांगते. शासकीय आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना समग्र शिक्षा योजनेतून पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. ती वाटण्याचे काम मी स्वतः अनेक वर्षे केले आहे. मग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील मुलांना आमच्या घरची तिसरी-चौथीची जुनी पुस्तके कशासाठी हवी होती? त्यातही २०२३-२४ च्या पुस्तकांत पाठांच्या मध्ये वहीसारखी पाने जोडलेली होती आणि मुलांनी त्यांवर वर्षभर लिहिलेले होते. (ही पाने जोडण्याचा निर्णय शासनाने २०२५ च्या सुरुवातीला मागे घेतला.) असे भरलेले पुस्तक दुसऱ्या मुलाला वापरता येत नाही, म्हणून मी ती बाजूला काढत होते, तर ते गृहस्थ म्हणाले, "राहू द्या बाई, तीही चालतील." ज्याला खरोखर मुलांच्या हातात पुस्तक द्यायचे आहे तो माणूस निवड करतो, काही पुस्तके नाकारतो. ज्याला वजनाशी मतलब आहे त्याला सगळेच चालते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

दुसरी खूण माध्यमाची होती. जतचा पूर्व भाग कर्नाटकाला लागून आहे आणि तिकडच्या अनेक जिल्हा परिषद शाळा कन्नड माध्यमाच्या आहेत. आमची पुस्तके मराठी माध्यमाची आहेत, सेमी इंग्रजीची आहेत की इंग्रजीची, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. विचारले ते फक्त एकच, की नीट-सीईटीची पुस्तके कोणाकडे आहेत, आणि ती आल्यावर त्यांनी ती वेगळ्या पोत्यात भरून स्वतःच्या हाताने सुतळीने बांधली. वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत नीटचे गठ्ठे कोण वाचणार होते?

पुढचे सहा महिने मी निर्धास्त होते. नोव्हेंबरमध्ये भाचीच्या मुलीला बारावीचे रसायनशास्त्राचे पुस्तक हवे होते, म्हणून आम्ही मिरजेतील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. राज्य मंडळाचा बारावीचा अभ्यासक्रम २०२०-२१ मध्ये बदलला, त्यामुळे त्याआधीचे पुस्तक तर गळ्यात पडत नाही ना हे पाहण्यासाठी मी मुखपृष्ठ उलटले. आतल्या बाजूला अर्धवट फाडलेली चिठ्ठी होती. "१२ वी, रसाय" एवढीच अक्षरे उरली होती आणि ती माझी होती. त्याच थप्पीत मला तशी आणखी तेरा पुस्तके सापडली.

दुकानदारांनी काही लपवले नाही. "बाई, हा माल मी रोख पैसे देऊन घेतलाय. चोरीचा म्हणून कुणी सांगितलं असतं तर हात लावला नसता की," ते म्हणाले. अकरावी-बारावीच्या पुस्तकांना त्यांनी नगामागे ३० रुपये दिले होते आणि छापील किमतीच्या निम्म्याने ती विकत होते. प्रवेश परीक्षांचे गठ्ठे आठवडाभरात संपले होते. खालच्या वर्गांच्या पुस्तकांचे काय झाले असे विचारल्यावर ते म्हणाले, "ती कोण घेतंय? किलोवर गेली असणार." म्हणजे अकरा पोत्यांपैकी निम्म्याहून अधिक पुस्तके रद्दीच्या तागडीत पडली होती, आणि ती तिथवर नेण्याचे भाडे आम्हीच भरले होते.

जुन्या पुस्तकांच्या दुकानांविषयी माझ्या मनात आदर आहे आणि या दुकानदारांना मी दोष देत नाही. नवा संच न परवडणाऱ्या किती तरी मुलांचे शिक्षण अशा दुकानांनी निम्म्या किमतीत पार पाडले आहे. आमच्या काकूंनी मुलाची पुस्तके अशा दुकानात विकली असती, तर चार पैसे त्यांना मिळाले असते आणि त्यात गैर काहीच नव्हते. त्यांनी ती एका मुलाला फुकट मिळावीत म्हणून दिली आणि एका मुलाने ती पैसे मोजून घेतली. मधले पैसे ज्याने खाल्ले त्याने दोघांनाही फसवले.

मात्र मला सर्वांत जास्त लागले ते घरी परतल्यावर. ही हकिकत मी पार्किंगमध्ये सांगत असताना वॉचमन ऐकत होते, आणि त्यांच्या बोलण्यातून कळले की त्यांची मुलगी त्याच जूनमध्ये दहावीत गेली होती. दहावीचा अभ्यासक्रम २०१८-१९ पासून तोच असल्याने आम्ही भरलेले दहावीचे तीनही संच तिला जसेच्या तसे उपयोगी पडले असते. पहिला दीड महिना तिने बालभारतीच्या संकेतस्थळावरची पुस्तके वडिलांच्या मोबाइलवर उघडून अभ्यास केला, तोही ते रात्रपाळीवरून आल्यानंतर, आणि मग त्यांनी उसने पैसे घेऊन नवा संच आणला. "ती पुस्तकं जतच्या पोरांसाठी म्हणून ठरली होती ना बाई, मग कसं मागायचं?" असे ते म्हणाले. तीच पोती त्यांनी पाठीवर वाहून टेम्पोत चढवली होती. आमच्यापैकी एकालाही त्यांच्या मुलीची इयत्ता माहीत नव्हती, मलाही नव्हती.

त्यानंतर मी करायचे ते केले, पण उशिरा. त्या गृहस्थांचा फोन बंद होता. त्यांनी दिलेल्या पावतीवर "रजि. नं." आणि पुढे चार आकडे होते. सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे होते आणि त्या क्रमांकात अक्षर व जिल्ह्याचे नावही असते, त्यामुळे नुसते चार आकडे पाहूनच शंका यायला हवी होती. कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या नावाचा न्यास मला सापडला नाही. फाइलमध्ये ज्या शाळेचे नाव होते ती शाळा खरी निघाली. तेथील मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितले की शाळेने कोणाकडे पुस्तके मागितली नव्हती आणि अशी कोणी आणून दिलीही नाहीत. मुलांची छायाचित्रे त्या माणसाने कोठून मिळवली, हे त्यांनाही सांगता आले नाही.

मोबाइलवरून फसवून घेतलेल्या पैशांची तक्रार १९३० या क्रमांकावर तासा-दोन तासांत केली, तर रक्कम पुढे जाण्यापूर्वी थांबवता येण्याची शक्यता असते. आमचे सहा महिने उलटून गेले होते. पैसे परत आले नाहीत. सोसायटीच्या बैठकीत मी ते १९ घरांना माझ्याकडून देऊ केले, तेव्हा सगळ्यांनी नकार दिला, आणि त्या नकाराने मला अधिकच अवघडल्यासारखे झाले.

मिरजेच्या दुकानातून मी दहा पुस्तके विकत घेऊन परत आणली. एप्रिलपासून आमच्या पार्किंगमध्ये एक मोकळे कपाट ठेवले आहे. सोसायटीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मुलांची इयत्ता आणि माध्यम विचारून त्याची यादी कपाटाच्या दारावर लावली आहे, आणि दिलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर "मोफत, विक्रीसाठी नाही" असा शिक्का मारतो. बाहेरून कोणी मागायला आले तर शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र मागतो आणि त्या शाळेत स्वतः फोन लावतो.

पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच माझ्याजवळ आहे. एका सोसायटीचे ३,८०० रुपये आणि अकरा पोती जुनी पुस्तके ही तक्रार कोणालाही किरकोळच वाटणार. परंतु दुकानदारांच्या सांगण्याप्रमाणे हा माणूस तीन वर्षे दर जूनमध्ये टेम्पो भरून माल आणत होता, म्हणजे सांगली-मिरज भागात आमच्यासारखी आणखी घरे नक्कीच आहेत. जतच्या शाळांचे नाव सांगून आणि महापुराचे छायाचित्र दाखवून ज्यांच्या घरून पुस्तके व भाडे नेले असेल, त्यांनी पावती आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवावी व आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा.